‘विजेला कसं कळतं मी पायाळू आहे ते?’

लातूर जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

‘बाई, नमस्कार. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. जन्मताना त्याचे पाय आधी आले, म्हणून सगळे त्याला पायाळू म्हणतात. आभाळ भरून आलं की सासूबाई त्याला आतल्या खोलीत बसवतात आणि अंगणात विळा फेकतात. शाळेतून येताना गडगडलं तर सोबतची मुलं त्याच्यापासून लांब पळतात. धाकटी पायाळू नाही, म्हणून माळावरच्या शेळ्या आणायला तिला पाठवलं जातं. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी पावसात चिंचेखाली थांबल्या होत्या. वीज पडली. त्या आणि दोन शेळ्या जागीच गेल्या. आम्ही धावत गेलो, पण “अंगात करंट असतो, हात लावू नका” म्हणून जाणत्यांनी आम्हाला अडवलं. नंतर लोक म्हणाले, तीही पायाळूच असणार. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुलगा विचारतो, “आई, विजेला कसं कळतं मी पायाळू आहे ते?” मी काय सांगू त्याला? आणि विजा होत असताना आम्ही खरंच काय करायचं? – एक आई’

ताई,

तुमच्या मुलाला सांगा, विजेला ते कळत नाही. कळायला तिच्याकडे काहीही नाही. त्याने विचारलेला प्रश्न मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना वर्गातून ऐकायला आसुसले होते. ‘वीज पायाळूवर पडते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं, पण तिला ते कळतं कसं, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

माझे चुलते पायाळू होते. कोणाला उसण भरली की माणूस आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि चुलते त्याच्या पाठीवरून पाय फिरवायचे. वळवाच्या दिवसांत मात्र त्यांच्या औताशेजारी कोणी औत धरत नसे. ऐंशी ओलांडून ते अंथरुणावर गेले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण हेही पाहा की दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी तीन-चार बाळं पोटात पाय किंवा बूड खाली करून असतात. आता त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म सिझेरियनने होतो, त्यामुळे पायाळू कोण हे कोणी मोजतही नाही. तुमच्या गावात असे किती असतील! वीज पडून कोणी गेलं की मग मागे जाऊन त्याचा जन्म तपासायचा, आणि कोणाला आठवत नसेल तर ‘असणारच’ म्हणायचं. तुमच्या वहिनींच्या बाबतीत तेच झालं. समजुती अशाच टिकतात.

आता वीज काय करते ते सांगते, कारण हे समजलं की काय करायचं ते पाठ करावं लागत नाही.

मे महिन्यात दुपारी आपल्याकडे जमीन तापते. तापलेली, दमट हवा वर उसळते आणि संध्याकाळपर्यंत त्या ढगाचा माथा दहा-बारा, कधी पंधरा किलोमीटर उंचीवर जातो. आपण खाली घामाने निथळत असतो, तेव्हा डोक्यावर पाचेक किलोमीटरवर पाणी गोठत असतं. ढगात बर्फाचे बारीक स्फटिक वर जात असतात आणि मऊ गारांचे जड गोळे खाली येत असतात. हे दोन्ही एकमेकांवर आदळतात, घासतात, आणि त्या घासण्यात विद्युतभाराची वाटणी होते. हलके स्फटिक धनभार घेऊन वर जातात, जड गोळे ऋणभार घेऊन मध्यावर आणि खाली राहतात. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तशातलीच ही गोष्ट, फक्त डोंगराएवढ्या ढगात चाललेली.

ढगाच्या तळाशी ऋणभार साठला की त्याच्या खालच्या जमिनीवर धनभार गोळा होतो. तो जमिनीवर आहे तसाच झाडावर, खांबावर, शेळीवर आणि माणसावरही असतो. मग ढगातून एक अंधूक धारा खाली निघते. ती सरळ येत नाही. सुमारे पन्नास मीटरची एक उडी घेते, क्षणभर थांबते, पुन्हा उडी घेते. जिन्याच्या पायऱ्या उतरावं तशी, पण सगळा जिना सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो. वाकडीतिकडी वीज आपण पाहतो ती यामुळे. ही धारा जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर येईपर्यंत कुठे पडायचं हे ठरलेलंच नसतं. ती जवळ आली की खालच्या उंच, टोकदार, एकट्या उभ्या वस्तूंमधून छोट्या धारा वर निघतात. त्यांपैकी जी आधी भिडेल तिच्यातून वाट पूर्ण होते आणि हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो, बहुधा तीस हजारांच्या आसपास. आपल्या घरच्या मीटरवर लिहिलेले असतात पाच-तीस. त्या बोटभर जाडीच्या वाटेतली हवा तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती एकदम फुगते, तो गडगडाट.

म्हणजे निवड शेवटच्या शे-दीडशे मीटरमध्ये होते आणि ती होते उंची, टोक आणि एकटेपणा यांवर. माणूस कसा जन्मला, कोणत्या वारी जन्मला, त्याच्या पायावर काय खूण आहे, यातलं काहीही त्या हिशेबात नाही. तुमचा मुलगा आणि त्याचे सोबती एका उंचीचे असतील, एका बांधावर उभे असतील, तर धोका अगदी सारखा.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रॉय सुलिव्हन नावाचे वनरक्षक होते. त्यांना १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा विजेचा तडाखा बसला आणि सातही वेळा ते वाचले. पुढे पुढे आभाळ भरलं की लोक त्यांच्याबरोबर चालायला भीत. तुमच्या मुलाबरोबर होतं आहे तेच. पण ते जन्मभर डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात काम करत होते. कधी आग टेहळणीच्या मनोऱ्यात, कधी रस्त्यावर, कधी तळावर, वादळाच्या दिवसांत उघड्यावर. आपल्याकडे शेतकरी, शेतमजूर आणि मेंढपाळ विजेने जास्त मरतात ते याच कारणाने. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ साली देशात २,८८७ माणसं वीज पडून गेली. ती त्या वेळी शेतात, माळावर किंवा झाडाखाली होती का, हे विचारा. पायाळू होती का, हे विचारून उपयोग नाही.

वहिनींचं सांगते. हे वाचायला जड जाईल, पण झाडाखाली काय होतं ते गावातल्या प्रत्येक बाईला कळायला हवं, कारण पाऊस आला की आपण सगळ्या आधी झाडाकडेच पळतो.

वीज अंगावर थेट पडून मरणारी माणसं फार थोडी, शंभरात तीन ते पाच. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरत असते तेव्हा शेजारी माणूस उभा असेल, तर लाकडापेक्षा त्याचं शरीर तिला सोपी वाट असते. ती खोड सोडून त्याच्यावर झेप घेते. उरलेली जमिनीत शिरते आणि पसरते. सर्वांत जास्त माणसं, जवळजवळ निम्मी, या जमिनीतून पसरणाऱ्या विजेने जातात. विहिरीत दगड टाकल्यावर तरंग पसरतात, तसा विजेचा दाब खोडापासून बाहेर कमी कमी होत जातो. माणसाचा एक पाय खोडाजवळ आणि दुसरा लांब असला की दोन्ही पायांखालचा दाब वेगळा, म्हणून वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. जनावराचे पुढचे-मागचे पाय आणखी लांब असतात, आणि मधे काळीज. म्हणून झाडाखाली कधी माणूस वाचतो आणि शेळ्या, बैल जातात. नॉर्वेत २०१६ च्या ऑगस्टमध्ये हार्डांगरविड्डा नावाच्या पठारावर रेनडिअरचा कळप वादळात एकमेकांना चिकटून उभा होता. एका वादळात ३२३ रेनडिअर मेले. प्रत्येकावर वेगळी वीज पडली नव्हती.

आता तो हात न लावण्याचा विषय. ताई, वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. शरीर म्हणजे काही बॅटरी नव्हे. वीज सेकंदाच्या आत येऊन निघून जाते, त्यानंतर त्या माणसाला हात लावणं अगदी सुरक्षित असतं. वायरला चिकटलेल्या माणसाला हात लावू नये हे खरं आहे, कारण तिथे वीज चालू असते. ती गोष्ट या गोष्टीत मिसळली आहे. तुम्हाला ज्यांनी अडवलं त्यांनी वाईट हेतूने अडवलं नाही, आणि तुम्हीही काही चुकलात असं मनात ठेवू नका. जे कोणी शिकवलंच नव्हतं ते तुम्ही करायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. वहिनी वाचल्या असत्या की नाही हे कोणीच सांगू शकत नाही.

पण पुढच्या वेळेसाठी हे शिकून ठेवा. विजेचा तडाखा बसलेल्यांपैकी बरेच जण वाचू शकतात. धक्क्याने काळीज थांबतं आणि श्वासही थांबतो. काळीज कित्येकदा आपलं आपण पुन्हा सुरू होतं, पण श्वास थांबलेलाच राहतो, आणि श्वासावाचून ते पुन्हा बंद पडतं. मधली ही काही मिनिटं जो माणूस जवळ असेल त्याची. कोणी पडलं, हाक मारून हलत नाही, छाती हलत नाही, तर एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने त्या माणसाला उताणं करून गुडघ्यावर बसायचं. छातीच्या बरोबर मध्यावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि पाच सेंटिमीटर खोल जातील असे दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. तीस दाबांनंतर नाक धरून तोंडाने दोन श्वास. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर दुसऱ्याने घ्यायचं. एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर जो कण्हतो, रडतो आहे तो श्वास घेतो आहे, तो थांबू शकतो. मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे आधी जायचं. इतर अपघातांत क्रम याच्या उलट असतो, म्हणून मुद्दाम लिहिते. विजा चालूच असतील तर त्याला उचलून आडोशाला न्यायचं आणि मग सुरू करायचं. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात ही मोलाची मिनिटं जातात. हे वाचून पुरेसं येत नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शाळेत एकदा बाहुल्यावर करून दाखवा असा आग्रह बचत गटातून धरा. दहा बायका मागायला गेल्या तर नाही म्हणणं अवघड जातं.

विळ्याचं थोडक्यात. लोखंड विजेला बोलावत नाही आणि अंगणातला विळा तिला थोपवतही नाही. धोका एवढाच की तो फेकायला सासूबाई उघड्यावर येतात. मोबाइलचंही तसंच, खिशातला किंवा हातातला मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला मात्र हातात धरू नये, कारण ती वायर बाहेरच्या तारांना जोडलेली असते.

काय करायचं, तर मुलाला मोजायला शिकवा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं आणि आकड्याला तीनने भागायचं. नऊ आले तर वीज तीन किलोमीटरवर. तिसाच्या आत आकडा आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आत जायची वेळ झाली. अंगावर एकही थेंब नसला तरी. वीज पावसाच्या पुढे दहा किलोमीटरवरही पडते. खरं म्हणजे गडगडाट ऐकू आला हेच पुरे, मोजण्याचा फायदा असा की वादळ येतं आहे की जातं आहे ते कळतं, आणि मुलाच्या भीतीला काम मिळतं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास आतच. ऊन पडलं, मोर ओरडला, तरी अर्धा तास. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. शेतात जाणाऱ्या एकाच्या तरी फोनमध्ये ते असू द्या.

आत म्हणजे कुठे? भिंती, छत, वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत. शाळा, ग्रामपंचायत, पक्कं घर. पत्र्याचं छत, काचा आणि बंद दारं असलेली गाडी किंवा एसटी बसही चांगली. टायरच्या रबराचा त्यात संबंध नाही, गाडीचं धातूचं कवच वीज बाहेरून जमिनीकडे नेतं. म्हणून मोटारसायकल, बैलगाडी आणि उघडा ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही. शेतातली झोपडी, लाकडी मेढींवरचा पत्रा, मचाण, देवळाचा उघडा मंडप इथे पाऊस चुकतो, वीज चुकत नाही. घरात असाल तर दारात, खिडकीच्या गजांशी, मोरीत, नळाशी आणि मोटारीच्या स्टार्टरशी नको. टीव्ही, फ्रीजचे प्लग आभाळ भरू लागतानाच काढायचे, विजा सुरू झाल्यावर नव्हे. तुमच्याकडे माळवदाचं जुनं घर असेल तर भिंतीपासून दूर, मधोमध बसा. पक्कं घर जवळ असेल तर ढग दिसतानाच तिकडे जाणं बरं.

शेतात अडकलात आणि पळायला काहीच नसेल, तर एकट्या झाडापासून, विजेच्या खांबापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विहिरीच्या काठापासून दूर व्हा, उंचवट्यावरून उतरा. अंगावर केस ताठ होऊ लागले तर पाय जोडून उकिडवे बसा, टाचा एकमेकींना टेकलेल्या, हात कानांवर, डोकं खाली. आडवं झोपू नका. दोन्ही पायांखालचा दाब सारखा राहावा म्हणून हे, आधी सांगितलेल्या तरंगांमुळे. यानं धोका कमी होतो, जात नाही. म्हणून इमारत गाठता येत असेल तर बसून राहू नका, जा. आणि घोळका करू नका, एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा. तुमच्या मुलापासून लांब पळणारी मुलं चुकीच्या कारणाने अर्धं बरोबर करतात. त्यांनी एकमेकांपासूनही तेवढंच लांब व्हायला हवं. हे त्यांच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं, तर मुलाच्या वाट्याचा एकटेपणाही कमी होईल. गुरुजींना हे पत्र दाखवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ऑक्टोबरची. परतीचा पाऊस येतो तेव्हा सोयाबीन काढून रानात बनीम, म्हणजे पिकाचा ढीग, लावलेली असते. वर्षाची कमाई भिजू नये म्हणून सगळं घर ताडपत्री घेऊन मोकळ्या रानात धावतं, तेही नेमकं गडगडाट सुरू झाल्यावर. आत जा असं सांगणं मला सोपं आहे, हे मी जाणते. म्हणून एवढंच मागते, त्या दिवसांत ताडपत्री रोज दुपारीच टाकून, दगड ठेवून मोकळे व्हा. संध्याकाळी ढग आले तरी कोणाला उठावं लागणार नाही.

आता धाकटीचं. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत आणि मी ती चार वेळा वाचली. सासूबाईंशी भांडू नका. ढग आले की मुलाला आत बसवणं ही त्यांची गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे, ते त्यांना मनापासून सांगा. मग विचारा, ‘तुमच्या नातवाला जपता तसं नातीलाही जपाल ना?’ तिच्या पाठीशी कसलीच ढाल नाही. पायाळू नाही म्हणून ती चिंचेखालून जाते, तारेचं कुंपण ओलांडते, शेळ्यांचा घोळका हाकत माळ उतरते. पावसाळा तोंडावर आहे. शेळ्या दुपारी तीनलाच घरी आणायचं ठरवा, आणि कधी उशीर झालाच तर राहू द्या त्यांना माळावर. धाकटीला मी विचारलं आहे म्हणून सांगा. मोजायला तिलाही शिकवा.